आधी बॉल बघा, मग रॅक

नेदरलँड्समध्ये गाडीच्या मागे लावायचा सायकल रॅक घ्यायला गेलं की दुकानात दोन प्रश्न हमखास विचारतात. सायकली किती आणि गाडी कोणती? एवढ्या दोन उत्तरांवर आमच्या हाती तीन सायकलींचा रॅक आला. दुकानातल्या माणसाने तो गाडीला बसवून दिला, लिव्हर दाबला, एकदा हलवून पाहिला आणि म्हणाला, "झालं, निघा आता." सायकलींचं वजन किती, गाडीचा टोबार किती भार पेलतो आणि त्या टोबारच्या बॉलची अवस्था काय आहे, हे त्याने विचारलंही नाही, वाकून बघितलंही नाही. पुढे जे झालं ते या तीन न विचारलेल्या प्रश्नांमुळे झालं. म्हणून असा रॅक घेण्याच्या विचारात असणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टोबार म्हणजे मागच्या बंपरखाली गाडीच्या सांगाड्याला जोडलेला पोलादी दांडा. त्याच्या टोकाला ५० मिलिमीटर व्यासाचा गोल बॉल असतो आणि युरोपात हे माप सगळीकडे सारखंच. मुळात तो ट्रेलर किंवा कॅरव्हॅन ओढण्यासाठी. डच लोक त्याला ट्रेकहाक म्हणतात. सुट्ट्या लागल्या की या ट्रेकहाकवर सायकली लादलेल्या गाड्या दक्षिणेकडे निघतात. छतावरच्या रॅकपेक्षा ही सोय मलाही पसंत आहे. पंचवीस किलोची सायकल डोक्यावर उचलावी लागत नाही, कमी उंचीच्या पार्किंगमध्ये शिरताना जीव मुठीत धरावा लागत नाही आणि वाऱ्याचा अडथळाही कमी होतो. रॅकचा प्रकार चांगलाच आहे. प्रश्न आहे तो निवडीचा.

आम्ही आइंडहोवनहून लिम्बुर्गच्या टेकड्यांकडे निघालो होतो. मास्ट्रिख्टच्या अलीकडे मागे बसलेली मुलगी म्हणाली, "आई, सायकली वाकड्या दिसतायत." आरशात बघितलं तर खरंच एका बाजूने कलल्या होत्या. पुढच्या विश्रांतीच्या थांब्यावर गाडी घेतली. सगळा रॅक बॉलवर गरगरल्यासारखा एका अंगाला फिरला होता. दिव्यांची पट्टी एका टोकाला खाली झुकली होती आणि गाडीला लागून असलेल्या सायकलचं चाक सायलेन्सरच्या तोंडाजवळ आलं होतं. हात लावला तर टायर चांगलाच तापलेला. आणखी अर्धा तास तसंच गेलो असतो तर काय झालं असतं, हा विचार अजूनही नकोसा वाटतो, कारण आमच्या मागे महामार्गावर इतरांच्या गाड्या होत्या, त्यांतही मुलं होती.

मदतीला आलेल्या मेकॅनिकने सायकली उतरवल्या, रॅक काढला आणि बॉलवरून बोट फिरवून ते आम्हाला दाखवलं. काळं, चिकट ग्रीस. गाडी आम्ही जुनी घेतली होती आणि आधीचा मालक कॅरव्हॅन ओढत असे. साध्या कपलिंगच्या कॅरव्हॅनला बॉलवर ग्रीस लागतंच, कारण तिथे दोन भाग एकमेकांत सहज फिरायला हवे असतात. रॅकचं गणित नेमकं उलटं. तो बॉलला जबड्यासारखा आवळून केवळ घर्षणाच्या जोरावर उभा राहतो. तुपाच्या हाताने पेला धरावा तशी त्याची पकड ग्रीसवर सुटते. आणि रॅक बसवणाऱ्या माणसाने त्या ग्रीसवरच लिव्हर दाबला होता.

म्हणून रॅक लावण्याआधी बॉल कोरडा आणि स्वच्छ हवा. ब्रेक साफ करायच्या स्प्रेने किंवा ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने तो पुसा, फडक्याला काळं लागायचं थांबेपर्यंत पुसा. नव्या टोबारच्या बॉलवर रंगाचा थर असेल तर तोही काढावा लागतो. बॉल झिजलेला असेल, किंवा गाडीच्या टोबारचा बॉल ॲल्युमिनियमचा असेल, तर रॅकचं माहितीपत्रक उघडून बघा. कित्येक रॅक फक्त पोलादी किंवा ओतीव लोखंडी बॉलसाठी बनवलेले असतात. दोन बोल्टांवर बसवलेला बॉल असेल तर जबडा बंद व्हायला त्याच्या मानेपाशी पुरेशी जागा आहे का, तेही गाडीवरच तपासावं लागतं. काढता-घालता येणारा टोबार असेल तर तो खटकन बसून किल्ली फिरली आहे का, हे दर वेळी बघा.

मग त्या मेकॅनिकने टोबारवरची छोटी पाटी शोधली. तिच्यावर एस या अक्षरापुढे किलोंचा आकडा असतो. बॉलवर उभा किती भार चालेल, याचा तो आकडा. डच भाषेत याला कोखेलड्रुक म्हणतात. लहान गाड्यांना तो ५० असू शकतो, पुष्कळ मध्यम गाड्यांना ७५, मोठ्यांना त्याहून जास्त. गाडीच्या पुस्तिकेतही आकडा दिलेला असतो आणि दोन्हींत फरक असेल तर लहान आकडा धरायचा. आमचा ७५ होता.

आता हिशोब बघा. आमच्या दोन ई-सायकली प्रत्येकी २६ किलोच्या, मुलीची साधी सायकल १३ किलोची. एकूण ६५. रॅकवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं ६० किलो. म्हणजे रॅकचीच मर्यादा ओलांडलेली. ई-सायकलींच्या बॅटऱ्या काढल्या तर प्रत्येकी तीन किलो कमी होतात, म्हणजे ५९. रॅकला चाललं. पण रॅकचं स्वतःचं वजन २० किलो! ५९ आणि २० मिळून ७९, आणि टोबारची मर्यादा ७५. अशा वेळी दुकानात रॅकवरचा ६० हा आकडा दाखवतात आणि लोक निर्धास्त होतात. तो आकडा रॅकचा आहे, तुमच्या गाडीचा नाही. टोबारच्या आकड्यातून रॅकचं वजन वजा करा. उरेल तो आणि रॅकवर लिहिलेला, या दोनांतला लहान आकडा सायकलींसाठी. त्यात प्रत्येक सायकलीला किती भार चालतो, ही मर्यादा पुन्हा वेगळी असते. ती बऱ्याचदा ३० किलोच्या आसपास असते, पण मॉडेलनुसार बदलते.

सायकलींचं वजन जाहिरातीतून घेऊ नका. बाथरूममधल्या वजनकाट्यावर सायकल उचलून उभं राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. जड सायकल असेल तर दोघांनी मिळून बॅगा तोलायच्या आकड्याच्या काट्याला टांगा. साखळीचं कुलूप, पाठीमागची मुलाची खुर्ची, पिशव्या, सगळं काढून ठेवा. त्या खुर्चीत वाराही भरतो.

भार किती, याइतकंच तो कुठे आहे हे महत्त्वाचं. बॉलपासून जितकं मागे जाल तितका जबड्यावर पीळ जास्त. म्हणून सर्वांत जड सायकल गाडीला लगटून, हलकी शेवटी. आमच्याकडे नेमकं उलटं लादलं होतं. त्या दिवशी मेकॅनिकने बॉल साफ करून दोन ई-सायकली बॅटऱ्या काढून परत चढवल्या, मुलीच्या सायकलचं पुढचं चाक काढून ती आत डिकीत घातली आणि आम्ही सावकाश पुढे गेलो. डिकी ठासून भरताना एक लक्षात ठेवा. रॅकचा भारही गाडीच्या एकूण वजनात आणि मागच्या ॲक्सलवर मोजला जातो.

डच सायकलींची आणखी एक अडचण आहे. त्या लांब असतात, मडगार्ड रुंद असतं आणि बायकांच्या सायकलींना मधला दांडा खाली वाकलेला किंवा नसलेलाच. रॅकचा धरणारा हात तिथे पोहोचत नाही, मग सीटखालून हँडलपर्यंत लावायचा वेगळा जोडदांडा घ्यावा लागतो. ई-सायकलचा जाड दांडा त्या हाताच्या चिमट्यात मावतो का, चाकांमधलं अंतर रॅकच्या पन्हाळीत बसतं का, पट्टा टायरभोवती पुरतो का, हे तुमची सायकल दुकानात नेल्याशिवाय कळत नाही. कार्बनच्या सायकलींना चिमटा जोरात आवळला तर फ्रेम चिरडते. त्यांना वेगळा चिमटा लागतो.

दिवे आणि नंबरप्लेट यांत तडजोड नको. रॅक मागची पाटी झाकतो, म्हणून इथे रॅकसाठी त्याच नंबरची पांढरी पाटी मिळते. नेहमीच्या पिवळ्या पाटीची खेळण्यातली नक्कल चालणार नाही. गाडीचं सॉकेट ७ पिनांचं आणि रॅकची वायर १३ पिनांची असेल तर अडॅप्टर मिळतो, पण ७ पिनांत रिव्हर्सचा दिवा नसतो. स्पेन किंवा इटलीला जाणार असाल तर मागे निघालेल्या सामानावर ५० बाय ५० सेंटिमीटरची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पाटी लागते आणि दोन्ही देशांच्या पट्ट्यांची रचना सारखी नाही. फेरीबोटीचं तिकीट काढताना गाडीची लांबी रॅकसकट सांगा. वेगाचं म्हणाल तर २०२० पासून नेदरलँड्समध्ये दिवसा बहुतेक महामार्गांवर १०० ची मर्यादा आहे, त्यामुळे इथे प्रश्न येत नाही. जर्मनीत मात्र मोह होतो. बहुतेक रॅकची कमाल मर्यादा १३० असते आणि गतिरोधकावर तर अगदी हळू जायचं असतं.

रॅक तिरका झुकवून डिकी उघडण्याची सोय सगळेच विक्रेते सांगतात. सायकली चढवून ती वापरून बघा, कारण काही गाड्यांची डिकी हँडलला आपटतेच. पाय हलवून उघडणारी विजेची डिकी असेल तर तो सेन्सर आधी बंद करा.

विजेच्या गाडीवाल्यांनी नोंदणीची कागदपत्रं बघावीत. काही मॉडेलना ट्रेलर ओढायची परवानगीच नाही. फोक्सवॅगनच्या आयडी.३ ला रॅकपुरताच हुक मिळत आला आहे. पुण्यातल्या माझ्या भावाने असा रॅक तिकडे आणायला सांगितला होता, त्याला मी नकोच म्हटलं. भारतातल्या गाड्या सहसा टो-बॉलशिवाय येतात.

जुना रॅक स्वस्तात मिळाला तरी जबडा, पट्टे आणि वायर तपासल्याशिवाय घेऊ नका, पुस्तिका नसेल तर मुळीच नको. नवा घेताना टोबारचा आकडा आणि सायकलींची वजनं एका कागदावर लिहून न्या, सोबत निदान तुमची सर्वांत जड सायकल न्या, आणि रॅक तुमच्याच गाडीवर, साफ केलेल्या बॉलवर, सायकलीसकट बसवून दाखवायला सांगा. जो दुकानदार त्याला तयार नसेल, त्याच्याकडून रॅक घेऊ नका.