प्रोब हातात घेण्याआधी

चि. सोनू,

तुझं पत्र पोचलं. दवाखाना थाटताना स्टेथोच्या शेजारी खिशात मावणारा अल्ट्रासाउंड प्रोबही ठेवायचा, असं तू लिहिलं आहेस आणि त्यावर घरातल्या जुन्या फॅमिली डॉक्टरचं मत मागितलं आहेस. मत अनुकूल आहे. पण त्याला अटी आहेत आणि शेवटची अट कायद्याची आहे.

आधी थोडी कुळकथा. १९५५ सालच्या उन्हाळ्यात ग्लासगोचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घालून बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर कंपनीच्या कारखान्यात गेले. पोलादातल्या भेगा शोधायला तिथे ध्वनिलहरींचं यंत्र वापरत. तेच यंत्र गाठींवर लावून पाहिलं, तर पाण्याची गाठ आणि भरीव गाठ वेगवेगळे प्रतिध्वनी देत होत्या. पुढे त्यांच्याकडे पोट फुगलेली एक बाई आली. तिला जठराचा कर्करोग आहे, पोटात पाणी झालंय, आता काही करण्यासारखं नाही, असं आधीच ठरून गेलं होतं. डोनाल्ड यांच्या यंत्राने दाखवलं की पाणी पोटभर पसरलेलं नाही, ते एकाच पिशवीत कोंडलेलं आहे. ती अंडाशयाची अवाढव्य गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली आणि बाई वाचली. ही सगळी हकिकत १९५८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली.

त्यांनी यंत्राला काय विचारलं ते बघ. पाणी मोकळं आहे की पिशवीत, एवढंच. फॅमिली डॉक्टरच्या खोलीत सोनोग्राफी शोभते ती अशाच प्रश्नांसाठी. सत्तरीचे आजोबा रात्रभर लघवी होत नाही म्हणून कळवळत येतात. प्रोब ओटीपोटावर टेकवला की पडदाभर काळंशार मूत्राशय दिसतं आणि कॅथेटर घालायचा निर्णय मिनिटाभरात होतो. दम लागलेल्या माणसाच्या छातीत पाणी आहे का, पाठीतून कळ येणाऱ्याचं मूत्रपिंड फुगलंय का, पित्ताशयात खडे आहेत का, या प्रश्नांना हो किंवा नाही असं उत्तर मिळतं आणि त्या उत्तराने पुढचं पाऊल बदलतं.

सुजलेल्या पायाचं उदाहरण सगळ्यांत शिकण्यासारखं. एकच पोटरी सुजून दुखते, त्यात नुकताच लांबचा प्रवास किंवा ऑपरेशन झालेलं असतं, म्हणजे शिरेत गुठळी (डीव्हीटी) झाल्याची शंका. जांघेत प्रोब आडवा धरला की दोन काळी वर्तुळं शेजारी शेजारी दिसतात. एक उडतं, ती धमनी. दुसरी शीर. आता प्रोब हलकेच दाबायचा. निरोगी शीर डोळ्यादेखत चपटी होऊन नाहीशी होते, धमनी मात्र गोलच राहते. दाबूनही शीर मिटत नसेल, तर आत गुठळी आहे. हेच गुडघ्याच्या मागे पुन्हा करायचं. पण या दोन जागा साफ निघाल्या म्हणून पोटरीतली गुठळी नाकारता येत नाही. शंका दाट असेल तर पूर्ण तपासणी करून घ्यायची किंवा आठवड्याभरात पुन्हा बघायचं. केसपेपरवर ‘डीव्हीटी नाही’ असं न लिहिता ‘जांघेत व गुडघ्यामागे शीर पूर्ण मिटते’ असं लिहावं. न दिसणं आणि नसणं यांतला फरक ज्या डॉक्टरच्या अक्षरात उमटत नाही, त्याच्या हातात प्रोब देऊ नये.

कारण या यंत्राला बरंच काही दिसत नाही. आतड्यातला वायू आडवा आला की स्वादुपिंड गायब. मूत्रवाहिनीत मधेच अडकलेला खडा बहुधा हुलकावणी देतो. जठरातला अल्सर दिसतच नाही, त्याला एंडोस्कोपीच लागते. न्याहारी करून आलेल्याचं पित्ताशय आकसलेलं असतं, म्हणून तर उपाशीपोटी बोलावतात. आणि पन्नाशीचा मधुमेही ‘पोटात वरच्या बाजूला जळजळतंय’ म्हणाला, तर जेलच्या बाटलीला हात लावण्याआधी ईसीजी. त्याचा हार्ट अटॅक पित्ताच्या नावाखाली चाललेला असू शकतो आणि तिथे दहा मिनिटं पित्ताशय शोधत बसणं जिवावर बेतेल.

दुसरा धोका नेमका उलटा: जे शोधत नव्हतो ते सापडण्याचा. आपल्याकडे पेशंट खुर्चीत बसायच्या आत विचारतो, ‘डॉक्टर, एकदा सोनोग्राफी काढून टाकू का?’ काढली की बहुतेक वेळा काहीतरी निघतंच. ग्रेड वन फॅटी लिव्हर, मूत्रपिंडावरची साधी पाण्याची गाठ, पित्ताशयात निवांत पडलेला खडा. त्रास न देणाऱ्या खड्याला सहसा ऑपरेशन लागत नाही. पण एकदा तो रिपोर्टात आला की पोटदुखीचा आळ त्याच्यावर येतो आणि खरं कारण तसंच मागे राहतं.

दक्षिण कोरियाने हे देशभर अनुभवलं. १९९९ मध्ये तिथे कर्करोग तपासणीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. थायरॉइड तिच्यात नव्हता. पण दवाखाने थोड्या जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफीही करून देऊ लागले आणि लोकही हौसेने करून घेऊ लागले. २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. त्या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे आयुष्यभर उपद्रव न देणाऱ्या गाठी शोधून हजारो गळे कापले गेले. कित्येकांना जन्मभराच्या गोळ्या लागल्या, काहींचा आवाज गेला. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीरपणे ‘थांबा’ म्हटलं, तेव्हा शस्त्रक्रिया झपाट्याने घटल्या.

याउलट इंग्लंडचं उदाहरण. तिथे पुरुषांना पासष्टाव्या वर्षी पोटातल्या महाधमनीच्या तपासणीसाठी बोलावतात. मोजायची एकच रुंदी. ती ३ सेंटीमीटरच्या आत असेल तर पुन्हा बोलावणंच नाही. यंत्र दोन्ही देशांत तेच. कोणाचं काय बघायचं आणि कुठे थांबायचं, हे इंग्लंडने आधी ठरवलं होतं.

जर्मनीत गेलेल्या तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं तू कळवलंस, ते खरं आहे: तिथल्या फॅमिली डॉक्टरांकडे अल्ट्रासाउंड ही नवलाई नाही. मात्र तिथेही विम्याचे पैसे मिळायला प्रशिक्षणाचा पुरावा द्यावा लागतो. शिवाय तिथल्या डॉक्टरच्या मागे आपल्यासारखा इतिहास नाही.

तो इतिहास महाराष्ट्राचा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्याच राज्याने केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो २००३ मध्ये आणखी कडक झाला. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मधल्या ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली, बीड जिल्ह्यात ८०७ वर. या मुली प्रोब हातात धरणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांनीच वजा केल्या. त्यामुळे कायदा छळतो म्हणून कुरकुरणाऱ्या आपल्या जातभाईंबद्दल सहानुभूती ठेवावी, पण बेताची.

कायद्याला प्रोबचा आकार दिसत नाही. गर्भ दाखवू शकणारं कोणतंही यंत्र नोंदणीकृत जागेतच ठेवता येतं आणि कंपनीनेही ते नोंदणी असलेल्यालाच विकायचं असतं. कुणी परदेशातून बॅगेत घालून आणून देतो म्हणाला, तर त्याला चिवडा आणायला सांग. नुसत्या एमबीबीएसवर भागत नाही. तुझ्यासारखीला २०१४ च्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांचं प्रशिक्षण आणि परीक्षा आहे. सुवाह्य यंत्रांसाठी २०१२ चा नियम आणखी आवळलेला आहे: ज्या जागेत नोंदणी झाली तिथेच आणि तेही दाखल असलेल्या रुग्णांसाठी, किंवा मग फिरत्या वैद्यकीय पथकात. म्हणजे नुसत्या ओपीडीवर चालणाऱ्या दवाखान्यात, पांढऱ्या कोटाच्या खिशात प्रोब, हे तुझं चित्र इथे सरळ बसत नाही. गरोदर बाईची तपासणी केली तर फॉर्म ‘एफ’ भरायचाच. त्यातली चूकही गुन्ह्यात मोडू शकते, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या संघटनेची याचिका फेटाळताना ही तरतूद कायम ठेवली.

तेव्हा यंत्राची ऑर्डर आत्ता देऊ नकोस. आधी प्रशिक्षणाला नाव घाल. त्या सहा महिन्यांत एखाद्या अनुभवी रेडिओलॉजिस्टच्या शेजारी बसून नॉर्मल पोटं भरपूर बघ. नॉर्मल डोळ्यांत भरल्याशिवाय बिघाड ओळखू येत नाही. मग जिल्हा शल्यचिकित्सकांच्या किंवा महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन तुझ्या जागेला कोणतं यंत्र, कोणत्या अटींवर चालेल ते लेखी विचार, आणि उत्तर आलं की त्याची प्रत मला पाठव.

तुझा,
मामा