गाडी चालविताना फोन : हँड्स-फ्री कोणते घ्यावे आणि कोठे थांबावे



ऊस विकास विभागाच्या या सदरात आम्ही लागण, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, पाचट आच्छादन असे विषय घेत असतो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. ऊस शेतातून गव्हाणीपर्यंत पोहोचतो तो ड्रायव्हरच्या हातून, आणि आज त्या ड्रायव्हरच्या खिशात फोन आहे. गट कार्यालयात सभासद व वाहतूकदार विचारतात, "साहेब, ट्रॅक्टरवर कानात घालायला कोणते चांगले?" प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर एका ओळीत देण्यासारखे नाही. म्हणून या लेखात त्याचा नीट विचार करू.

हा प्रश्न फक्त कारखान्याच्या रस्त्यापुरता नाही. बरेच सभासद पिकअपमध्ये भाजीपाला भरून रात्री मुंबईकडे निघतात. काहींची मुले ट्रक-टेम्पोवर आहेत आणि भिवंडीच्या गोदामांत माल पोहोचवितात. त्यांना मानकोली चांगले माहीत असेल. मुंबई-नाशिक महामार्गाने कसारा घाट उतरून शहापूर, पडघा, रांजणोली असे आले, की ठाण्याच्या खाडीअलीकडे भिवंडी तालुक्यातले हे गाव लागते. मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात गोदामांना लागून गोदामे आहेत. महामार्गावर मोठे कंटेनर, उड्डाणपुलाखाली वळणारी वाहने, बाजूच्या रस्त्यावर उलट दिशेने येणारी मोटारसायकल, कामावरून सुटलेले पायी चालणारे लोक, असा सगळा कारभार एकाच ठिकाणी चालतो.

आता ड्रायव्हरला फोनची गरज नेमकी कोठे पडते ते पहा. कसाऱ्यापासून पडघ्यापर्यंत कोणी फारसे विचारीत नाही. मानकोली जवळ आली, की गोदामवाल्याचा फोन येतो, "कुठपर्यंत आलात?" मग कोणते गेट, कोणती गल्ली, पावतीचा नंबर काय, हे सुरू होते. म्हणजे फोनची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच डोळ्यांची आणि पायाखालच्या ब्रेकची गरजही सर्वांत जास्त. आपल्या कारखान्याच्या फाट्यावर तरी वेगळे काय होते? शेवटच्या दोन किलोमीटरमध्येच चिटबॉय, मुकादम आणि मालक, तिघांचे फोन एकदम येतात.

हँड्स-फ्री काय वाचविते, काय वाचवीत नाही

फोनमुळे ड्रायव्हरच्या तीन गोष्टी गुंततात : हात, डोळे आणि डोके. हँड्स-फ्री साधन हात मोकळे करते, नीट बसविले तर डोळेही बऱ्याच अंशी मोकळे करते. डोके मात्र ते मोकळे करू शकत नाही. एकाच मोटारीचे पाणी दोन शेतांत सोडले तर पाणी दोन्हीकडे दिसते, पण शेवटच्या सरीला पोहोचत नाही. लक्षाचेही तसेच आहे.

ही केवळ आमची समजूत नव्हे. कॅनडातील टोरांटो येथे दोन संशोधकांनी अपघात झालेल्या ६९९ ड्रायव्हरांची फोनची नोंद तपासली आणि १९९७ साली निष्कर्ष छापला. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होता. हँड्स-फ्री वापरणाऱ्यांना त्यात वेगळी सुरक्षितता आढळली नाही. ऑस्ट्रेलियात पर्थ येथे इस्पितळात दाखल झालेल्या ड्रायव्हरांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. तेथेही धोका सुमारे चौपटच निघाला, फोन हातात असो वा नसो. अमेरिकेत युटा विद्यापीठातील प्रयोगांत असे दिसले, की हँड्स-फ्रीवर बोलणाऱ्याची नजर रस्त्यावरच्या वस्तूवर जाते, पण ती वस्तू त्याला नंतर आठवत नाही. म्हणजे डोळ्यांनी पाहिले, पण डोक्याने नोंद घेतली नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतीलच व्हर्जिनिया येथील संस्थेने ट्रकमध्ये कॅमेरे बसवून प्रत्यक्ष रस्त्यावरचे निरीक्षण केले. त्याचे आकडे २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यात ट्रक ड्रायव्हर हँड्स-फ्रीवर नुसता बोलत असताना धोका वाढलेला दिसला नाही. पण नंबर फिरविताना तो सुमारे सहापट, आणि मेसेज लिहिताना-वाचताना सुमारे तेवीसपट दिसला. मेसेज करणाऱ्याची नजर सहा सेकंदांपैकी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हतीच.

हा ४.६ सेकंदांचा हिशेब आपल्या मापात करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. ४.६ सेकंदांत ती ७६ मीटर, म्हणजे सुमारे २५० फूट जाते. पाच फुटी सरीचे शेत असेल तर आडव्या पन्नास सऱ्या झाल्या! तेवढे अंतर गाडी डोळे मिटून गेली असे समजा. उसाने भरलेला ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने चालला, तरी तेवढ्या वेळात तो २५ मीटर पुढे जातो. मागे दोन ट्रॉल्यांचे वजन असते, ट्रॉल्यांना स्वतंत्र ब्रेक बहुधा नसतो, आणि ब्रेक दाबल्यावर ते वजन मागून ढकलते. म्हणून वेग कमी असला तरी धोका कमी आहे असे कोणी समजू नये.

दोन्ही तऱ्हेच्या अभ्यासांतून आम्ही असा अर्थ घेतो. फोनकडे बघणे आणि हाताने चाळणे हे सर्वांत घातक. ते हँड्स-फ्रीने टळते, म्हणून साधन घेणे व्यर्थ नाही. पण बोलण्याने जे डोके गुंतते त्यावर कोणतेही साधन औषध नाही. ते बोलणे दोन वाक्यांत संपविणे किंवा गाडी थांबवूनच बोलणे, हाच उपाय.

कोणी म्हणेल, "शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतोच ना आम्ही?" त्यात फरक आहे. शेजारच्यालाही समोरचा खड्डा दिसतो, तो आपोआप गप्प होतो, प्रसंगी "अहो, म्हैस!" म्हणून ओरडतोही. फोनवरच्या माणसाला रस्ता दिसत नाही, त्यामुळे तो बोलतच राहतो.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८४ मध्ये धोकादायक रीतीने वाहन चालविण्यास शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने वाहन चालविताना हातात धरून वापरण्याच्या संपर्क साधनाचा उल्लेख त्यात स्पष्टपणे आला. पहिल्या गुन्ह्यास एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा केल्यास दंड दहा हजार रुपये, आणि दोन वर्षांपर्यंत कैदही होऊ शकते. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमांत असेही आले, की असे साधन वाहन चालविताना फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरावे, आणि तेही ड्रायव्हरचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

तेव्हा कानात साधन आहे म्हणजे आपण सुटलो, असे मानू नये. लक्ष नसल्याने गाडी कोणाच्या अंगावर गेली, तर कानातल्या साधनाने काहीच माफ होत नाही.

कोणत्या वाहनाला कोणते साधन

(१) ट्रॅक्टर : इंजिनाचा आवाज इतका, की स्पीकर ऐकू येत नाही. मग लोक दोन्ही कानांत बोंडे घालतात. तसे केले की मागचा हॉर्न, ट्रॉलीच्या पिनेचा खडखडाट, मागून पळत येणाऱ्या मजुराची हाक, यातले काही ऐकू येत नाही. आमचे मत स्पष्ट आहे : भरलेल्या ट्रॅक्टरवर चालत्या गाडीत फोन घेण्यासाठी चांगले असे साधन नाहीच. फोन खिशात ठेवावा. घंटी वाजली तर रुंद जागा पाहून, रस्त्याच्या कडेला पूर्ण उतरून, हँडब्रेक लावून मग बोलावे. रात्री थांबताना मागच्या ट्रॉलीचे रिफ्लेक्टर आणि दिवा दिसतो की नाही ते आधी पाहावे.

(२) पिकअप, टेम्पो, जीप : गाडीच्या टेपमध्ये ब्लूटूथ असेल तर तेच उत्तम. आवाज गाडीच्या स्पीकरमधून येतो, कान मोकळे राहतात, आणि काही गाड्यांत स्टीअरिंगवरच्या बटणाने फोन घेता येतो. जुन्या टेपला ब्लूटूथ नसेल पण रेडिओ असेल, तर लायटरच्या खाचेत बसणारे एक लहान यंत्र मिळते. ते फोनचा आवाज रेडिओवर ऐकविते. रेडिओच नसेल तर समोरच्या सावलीच्या पट्टीला अडकविण्याचा ब्लूटूथ स्पीकर घ्यावा. तो ताडपत्री फडफडणाऱ्या गाडीत कमी ऐकू येतो, म्हणून दुकानातल्या शांततेत न पाहता गाडी सुरू करून पारखावा.

(३) ट्रक : येथे एक गोष्ट विसरू नये. पिकअप व ट्रॅक्टरची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची, तर मोठ्या ट्रकची वायरिंग २४ व्होल्टची असते. लायटरच्या खाचेत लावायच्या यंत्रावर "१२–२४ व्होल्ट" असे छापलेले पाहूनच घ्यावे. फक्त १२ व्होल्टचे यंत्र २४ वर लावले तर ते जळते, कधी फोनही घेऊन जाते. एका कानात बसणारे ब्लूटूथ येथे चालू शकते. दुसरा कान मोकळाच ठेवावा.

(४) मोटारसायकल : हेल्मेटात फोन खुपसून बोलणे आणि मान वाकडी करून खांद्यात फोन धरणे, हे दोन्ही प्रकार आपल्याकडे रोज दिसतात. दोन्ही बंद झाले पाहिजेत. फोन खुपसला की हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही, आणि पडल्यावर तोच फोन गालात घुसतो. हेल्मेटला लावायचे ब्लूटूथ संच मिळतात, पण ते बसविण्यासाठी आतला थर्माकोल कापू नये. डोके वाचविणारा तोच आहे. दोन चाकांवर तोल सांभाळायचा असतो, म्हणून आमचा सल्ला थांबून बोलण्याचाच.

घेण्यापूर्वी हे तपासा

१. फोन घेण्याचे आणि ठेवण्याचे बटण न बघता बोटाला सापडते का? एकच मोठे बटण असलेले साधन चांगले.

२. बोलून फोन लावता येतो का? आता फोनला मराठीतून नाव सांगितले तरी तो लागतो. त्यासाठी नावे साधी ठेवावीत. "दादा १", "दादा २" असे ठेवले तर फोनही गोंधळतो.

३. समोरच्याला आपले बोलणे ऐकू जाते का? नाही तर "हॅलो, हॅलो" करण्यातच फाटा निघून जातो.

४. फोन अडकविण्याचा स्टँड काचेच्या मधोमध लावू नये, समोरचा रस्ता झाकतो. एअरबॅगच्या झाकणावरही लावू नये. डॅशबोर्डवर, नजरेच्या थोडा खाली, हात न ताणता पोहोचेल अशा जागी लावावा आणि खड्ड्यात हलतो का ते पाहावे.

५. चार्जिंग किती वेळ टिकते? रात्रभराच्या खेपेत मध्येच बंद पडणाऱ्या साधनाने उलट जास्त हात घालावा लागतो.

६. नकाशा लावायचा असेल तर गाडी सुरू करण्यापूर्वी लावावा. मानकोलीला जायचे तर गोदामाचे गेट, संपर्काचे नाव आणि पावतीचा नंबर पडघ्याच्या आधीच, थांबलेल्या गाडीत पाहून घ्यावा. पुढे वाट चुकली तर चुकू द्यावी. पुढच्या वळणावरून परत येता येते.

बऱ्याच फोनमध्ये गाडी चालविताना घंटी बंद ठेवून, फोन करणाऱ्यास आपोआप "गाडी चालवीत आहे" असा निरोप पाठविण्याची सोय असते. ही सोय फुकट आहे. घरातल्या शिकणाऱ्या मुलाकडून ती लावून घ्यावी.

फोन करणाऱ्याचेही काम आहे

आतापर्यंत आम्ही ड्रायव्हरला सांगितले. पण फोन करतो कोण? शेतात टोळी बसली आहे म्हणून मुकादम करतो, वजन झाले का म्हणून ऊसमालक करतो, नंबर कधी लागेल म्हणून गट कार्यालय विचारते, आणि जेवायला येणार का म्हणून घरची माणसे विचारतात. प्रत्येकाचे काम रास्त आहे. पण रस्त्यावरच्या माणसाला त्याच क्षणी विचारण्यासारखे त्यात किती असते? ऊस तुटून पडला की वजन घटते हे खरे. पण ड्रायव्हरने फोन उचलल्याने ट्रॅक्टर लवकर पोहोचत नाही.

म्हणून आमच्या तीन सूचना :

अ) फोन लागताच पहिला प्रश्न "गाडी चालू आहे का?" हाच विचारावा. "हो" म्हटले की "थांबल्यावर कर" म्हणून आपणच ठेवावा.

ब) ड्रायव्हरने तीन ठिकाणांहून स्वतः फोन करावा : शेतातून निघताना, कारखान्याच्या आवारात उभे राहिल्यावर आणि वजन झाल्यावर. एवढे तीन फोन आले तर मधे कोणाला विचारावे लागत नाही.

क) ट्रॅक्टरवर सोबत माणूस असेल तर फोन त्याच्या हाती द्यावा. मात्र त्याला मडगार्डवर बसवून नव्हे. बसायला धड जागा असेल तरच.

साधन दोनशे रुपयांचे घ्या की दोन हजारांचे, ते फक्त हात मोकळे करील. लागणीपूर्वी आपण बेणे निवडून घेतो, कारण पुढे खत कितीही टाकले तरी निकृष्ट बेणे सुधारत नाही. येथे बेणे म्हणजे सवय, आणि साधन म्हणजे वरचे खत. या हंगामात आपल्या वाहनाच्या ड्रायव्हरशी, मग तो घरचा मुलगा असो वा कराराचा वाहतूकदार, या तीन सूचनांवर एकदा बसून बोलावे, अशी सर्व सभासद बंधू-भगिनींना विनंती आहे. ऊस उद्याही गाळता येतो. खेप थोडी उशिरा आली तर चालेल, पण ती घेऊन येणारा सुखरूप घरी पोहोचला पाहिजे.

— ऊस विकास अधिकारी