चाकूचे पाते, संरक्षक फॉइल आणि लघुउद्योगाचे अर्थशास्त्र

इंग्लंडमधील शेफील्ड येथे 1913 मध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी सुमारे 12.8 टक्के क्रोमियम असलेले, न गंजणारे पोलाद तयार केले. परंतु त्याचे सुरुवातीचे चाकू धार धरत नाहीत, अशी तक्रार झाली. साध्या पोलादाला मानवणारी उष्णता या नव्या पोलादास पुरेशी नव्हती. उत्तम कच्चा माल आणि योग्य प्रक्रिया यांची सांगड पडल्याखेरीज मूल्यवर्धन होत नाही, हा औद्योगिक विकासाचा मूलभूत धडा या उदाहरणातून मिळतो.

प्रक्रियेचे स्वरूप

विळ्या-कोयत्याला पाणी देताना लोहार तापलेल्या पोलादाचा रंग पाहून क्षण ठरवितो. स्टेनलेस पात्याला मात्र साधारणतः 1,000 ते 1,075 अंश सेल्सिअस तापमानात ठरावीक काळ ठेवावे लागते. या तापमानात हवेतील प्राणवायूमुळे पात्यावर खपली धरते आणि पृष्ठभागातील कार्बन जळून जातो. कार्बन गेलेला थर मऊ राहतो व धार टिकत नाही.

हे टाळण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला, निर्वात भट्टी. दुसरा, सुमारे 0.05 मिलिमीटर जाडीच्या उष्णतारोधक स्टेनलेस फॉइलमध्ये पाते गुंडाळणे. फॉइलच्या कडा दोनदा दुमडून पाकीट घट्ट बंद करतात. आत कागदाचा लहान तुकडा ठेवल्यास तो जळताना उरलेला प्राणवायू शोषून घेतो. भट्टीतून काढलेले पाकीट दोन जाड ॲल्युमिनियम पट्ट्यांमध्ये दाबून वेगाने थंड केले जाते. त्यानंतर 150 ते 200 अंशांवर टेंपरिंग केल्याने ठिसूळपणा कमी होतो.

फॉइलमुळे पात्याचा रंग दिसत नाही. त्यामुळे नजरेच्या अनुभवाची जागा तापमापकाला घ्यावी लागते. साधन स्वस्त असले तरी कौशल्य बदलावे लागते, हे येथे महत्त्वाचे.

स्थिर आणि चल खर्च

निर्वात भट्टीचा स्थिर खर्च मोठा, तर फॉइलचा खर्च प्रत्येक पात्यामागे येणारा, म्हणजे चल असतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. निर्वात भट्टीचा वार्षिक स्थिर खर्च 6,60,000 रुपये व प्रति पाते चल खर्च 10 रुपये आहे. साधी भट्टी व फॉइल वापरल्यास हेच आकडे अनुक्रमे 60,000 व 40 रुपये आहेत. वर्षाला 5,000 पाती करणाऱ्या कारखान्यास निर्वात भट्टीत प्रति पाते 142 रुपये, तर फॉइल पद्धतीत 52 रुपये खर्च येईल. 20,000 पात्यांवर दोन्ही पद्धतींचा खर्च समान होतो. त्यापुढे निर्वात भट्टी किफायतशीर ठरते.

मात्र अशा 10 कारखान्यांनी एकत्र येऊन 50,000 पात्यांसाठी एकच निर्वात भट्टी चालविली, तर प्रति पाते खर्च 23.20 रुपयांवर येतो. वाहतूक व व्यवस्थापनाचा खर्च त्यात मिळवावा लागेल, हे खरे. तरीही सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास कार्यक्रमातील सामायिक सुविधा केंद्रांमागील आर्थिक तर्क हाच आहे.

गुणवत्तेची माहिती

पात्याची कठीणता डोळ्यांना दिसत नाही. धार लवकर गेल्यावरच ग्राहकास दोष कळतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 च्या प्रसिद्ध लेखात दाखविल्याप्रमाणे, अशा असममित माहितीमुळे निकृष्ट वस्तू चांगल्या वस्तूला बाजारातून बाहेर ढकलू शकते. प्रामाणिक कारागिराने फॉइल व टेंपरिंगवर केलेला खर्च मग किमतीत वसूल होत नाही आणि तोच आधी धंद्याबाहेर जातो. म्हणून सामायिक केंद्रात भट्टीबरोबर रॉकवेल कठीणता चाचणी व प्रमाणपत्राची सोयही आवश्यक ठरते.

सारांश, उत्पादन थोडे असताना फॉइल लहान कारखान्याला बाजारात उभे राहण्याची संधी देते, उत्पादन वाढल्यावर सहकार्य खर्च कमी करते आणि प्रमाणीकरण त्या श्रमांचे मोल टिकवून धरते. लघुउद्योगविषयक धोरणाचे मूल्यमापन करताना परीक्षार्थींनी भांडवल, कौशल्य आणि माहिती या तिन्ही घटकांचा एकत्रित विचार करावा.