रक्त न पिणारे 'रक्तपिपासू' वटवाघूळ

सकाळी ओसरीवर बेडकाची तंगडी, टोळाचे पंख किंवा पाखराची पिसे पडलेली दिसली आणि त्याच दिवशी गुराच्या अंगावर जखम आढळली, तर संशय माळ्यावरच्या वटवाघळावर येतो. 'याने रक्त प्यायले' असे म्हणून धूर केला जातो. तेव्हा हा प्राणी खरोखर कोण, ते आपण पाहू या.

लेवीयच्या ११व्या अध्यायात वटवाघळाचे नाव पक्ष्यांच्या यादीत शेवटी येते. उडणारे सगळे एकत्र, अशी ती जुनी विभागणी होती. आजचे शास्त्र शरीररचना पाहते. वटवाघळाच्या अंगावर केस असतात, ते पिलाला जन्म देते व दूध पाजते. म्हणून ते सस्तन प्राणी ठरते. लिनियसने तर १७५८ साली त्याला माकडांच्या गणात घातले होते. आता वटवाघळांचा गण वेगळा आहे.

ओसरीवर खरकटे टाकणाऱ्या या मोठ्या वटवाघळाचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ जॉफ्र्वा याने १८१० साली केले. त्याचे कूळ मेगाडर्मॅटिडी. या कुळातील दोन जाती भारतात आहेत. ओळखण्याच्या खुणा अशा: बुडाशी जोडलेले मोठे कान, नाकावर उभे पान, वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत आणि शेपूट दिसत नाही. रक्त पिणारी वटवाघळे वेगळ्या कुळातील. त्यांच्या तीनच जाती, त्याही मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत. आपल्याकडे त्यातली एकही नाही. चुकीच्या समजुतीने पडलेले नाव मात्र टिकून राहिले.

आपले वटवाघूळ अंधारात पाचोळ्याची सळसळ ऐकून भक्ष्य पकडते. उंदीर, बेडूक, पाली, टोळ, मोठे किडे, कधी लहान पाखरे हे त्याचे खाणे. भक्ष्य ठरावीक जागी आणून ते खाते, म्हणून ओसरीवर खरकटे पडते. शेताचा उंदीर मारणाऱ्याला आपणच धूर द्यावा काय? मादीला वर्षातून बहुधा एकच पिलू होते, तेही उन्हाळ्यात. त्या दिवसांत धूर केला, तर अंगावर पिणारी पिले मरतात आणि ती उणीव लवकर भरून निघत नाही.

तरीही सावधगिरी हवी. वटवाघूळ जिवंत असो वा मेलेले, उघड्या हाताने धरू नये. मुलांनाही तसे बजावावे. चावल्यास जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जावे. त्याची विष्ठा चांगले खत आहे. पण सुक्या धुळीत फुप्फुसांना बाधणारी बुरशी असू शकते. म्हणून आधी पाणी शिंपडावे, नाका-तोंडावर फडके बांधावे, मगच झाडावे. आणि गुराच्या अंगावर जखम दिसली, तर वटवाघळाला दोष न देता गोचीड, तारेचा ओरखडा पाहावा व गुरांच्या डॉक्टरांना दाखवावे. खरे कारण सापडले, तरच गुराला आराम पडेल.