मागच्या आसाची घरघर

अँबॅसडरसारख्या जुन्या मोटारीत इंजिनाची शक्ती मागच्या चाकांना मिळते. पिनियन हे लहान दंतचक्र क्राउन या मोठ्या दंतचक्राला फिरवते. मागून आवाज येऊ लागला की मिस्तरी विचारतो, "कसला आवाज?" प्रश्न अगदी शास्त्रीय आहे!

समजा, वेग ताशी ६० किलोमीटर व चाकाचा परीघ २ मीटर आहे. मग चाक सेकंदाला ८.३ फेरे घेते. सरळ रस्त्यावर क्राउनही तितकेच. क्राउनला ४१ दाते असतील, तर ते सेकंदाला सुमारे ३४० वेळा भिडतात. हा झाला उंच सूर. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर खड्डा पडला, तर ९ गोळ्या त्यावर सेकंदाला जेमतेम ३० वेळा आदळतात. ही खर्जातली घरघर.

रस्ता बदलताच आवाज बदलला, तर टायर पाहावेत. ॲक्सिलरेटर सोडताच सूर बदलला, तर दाते. कारण आता त्यांची दुसरी बाजू भार घेते. वळणावर घरघर वाढली, तर बाहेरच्या चाकाचे बेअरिंग.

तेल कमी असल्यास प्रथम ते भरावे. तेलात पोलादाचा चुरा दिसला, तर मात्र तेवढ्याने भागत नाही. घरघरणारे बेअरिंग तर लगेच बदलावे. धावत्या गाडीत ते फुटले, तर चाक जाम होते किंवा निखळतेही.