उपवास की आजार?



राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून आपण प्रायश्चित्तकाळात प्रवेश करणार आहोत. उपवासाचे नियम दरवर्षीप्रमाणे मिस्सानंतर वाचून दाखविले जातील. या वेळी त्या नियमांबरोबरच आणखी एका गोष्टीकडे पालकांचे लक्ष वेधावे असे आम्हाला वाटते. काही घरांत प्रायश्चित्तकाळ हा एका आजाराला लपायला फार सोयीचा काळ ठरतो. शाळा-कॉलेजात जाणारी मुलगी जेवत नाही. आईने विचारले की उत्तर मिळते, ‘मम्मी, माझा उपवास आहे.’ आता उपवासाला नको कोण म्हणणार? आजीला तर नातीचे कौतुकच वाटते.

आधी नियम नीट पाहू या. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार उपवास बंधनकारक आहे तो वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ५९ वर्षे पूर्ण होईपर्यंत. आणि तोही वर्षातून दोनच दिवस, राखेचा बुधवार व गुड फ्रायडे. त्या दिवशी एक वेळ पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडे खाणे चालते. मांसाहार वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होतो. आजारी माणसाला उपवासाचे बंधन नाही. म्हणजे १५ वर्षांच्या मुलीकडून ख्रिस्तसभा उपवास मागतच नाही. चाळीस दिवस अर्ध्या चपातीवर राहण्याची अपेक्षा तर कोणाकडूनच नाही.

मग हा आजार कोणता? लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ साली त्याला ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले. यात वजन वाढण्याची भीती मनात इतकी घर करते की हाडे दिसू लागली तरी ‘मी जाडी आहे’ असेच वाटत राहते. दुसरा प्रकार ‘बुलिमिया नर्व्होसा’. यात माणूस अधाशासारखे पुष्कळ खातो आणि मग घशात बोटे घालून उलटी करतो, जुलाबाच्या गोळ्या घेतो किंवा दोन-दोन दिवस उपाशी राहतो. ब्रिटनच्या राजकन्या डायना यांनी आपल्याला हा आजार होता हे १९९५ साली दूरदर्शनवरील मुलाखतीत उघडपणे सांगितले होते. तिसऱ्या प्रकारात ताबा सुटून खाणे होते, पण उलटी वगैरे नसते. हे नखरे नव्हेत, हट्टीपणा नव्हे आणि श्रीमंतांची फॅशनही नव्हे. मानसिक आजारांत अ‍ॅनोरेक्सियाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या आजारांपैकी आहे.

घरात काय दिसते?

सुरुवात साधी असते. आधी तळलेले बंद होते, मग गोड, मग भात. मासे खाणारी मुलगी माशावरचे तेल कागदाने टिपू लागते. सकाळी लोकल पकडायची म्हणून नाश्ता नाही, कॉलेजात खाल्ले म्हणून रात्रीचे जेवण नाही. डबा भरलेला परत येतो. किंवा रिकामा येतो, पण तो मैत्रिणींनी संपविलेला असतो. ताटातले अन्न बारीक तुकडे करून इकडून तिकडे सरकविले जाते. गंमत म्हणजे अशी मुलगी पुष्कळदा स्वयंपाकात फार रस घेते, पाककृती जमविते, नाताळात केक करून सर्वांना आग्रहाने खाऊ घालते आणि स्वतः तोंडात कणही घेत नाही. घरातले लोक यालाच फसतात.

मग शरीर बोलू लागते. उन्हाळ्यातही तिला थंडी वाजते. केस गळतात, हातांवर-पाठीवर बारीक लव दिसू लागते, चक्कर येते, मासिक पाळी थांबते. बुलिमियात वजन नेहमीसारखेच राहू शकते, म्हणून तो ओळखायला आणखी कठीण. जेवण झाल्याझाल्या बाथरूममध्ये जाणे आणि नळ मोठा सोडणे, गालांच्या खालच्या बाजूला सूज, दात झिजणे व किडणे, खाऊच्या डब्यातून किंवा पैशांतून काही ना काही नाहीसे होणे ही त्याची लक्षणे. घशात बोटे घालून घालून हाताच्या बोटांच्या मागच्या सांध्यांवर घट्टे पडतात. ज्या डॉ. जेरल्ड रसेल यांनी १९७९ साली बुलिमियाचे वर्णन प्रथम केले, त्यांच्याच नावाने डॉक्टर ही खूण ओळखतात. वारंवार उलट्या झाल्याने शरीरातले पोटॅशियम कमी होते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. धोका तिथे आहे.

हे मुलग्यांनाही होते. तिथे बोलणे वजनापेक्षा स्नायूंचे असते: जिममध्ये तासन्‌तास, घरच्या जेवणाऐवजी प्रोटीन पावडर, व्यायाम चुकला की चिडचिड.

लंडनच्या डॉक्टरांनी १९९९ साली ओळखीसाठी पाच साधे प्रश्न तयार केले. पोट फार भरले म्हणून तू मुद्दाम उलटी करतेस का? खाण्यावर ताबा राहत नाही अशी चिंता वाटते का? तीन महिन्यांत सहा किलोंहून अधिक वजन उतरले का? लोक बारीक म्हणतात तरी तू स्वतःला जाडी समजतेस का? दिवसभर डोक्यात खाण्याचेच विचार असतात का? दोन उत्तरे ‘हो’ आली तर डॉक्टरांकडे जायला हवे.

आणि उपवास व आजार यांतला फरक? आमच्या मते तो ईस्टरच्या दिवशी कळतो. खरा उपवास करणारा ईस्टरच्या जेवणाची वाट पाहतो. आजारी मुलीला त्या जेवणाची धास्ती वाटते. उपवास संपला की ती दुसरे कारण शोधते. मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू येशू उपवास गुप्तपणे करायला सांगतो. तो उपदेश दिखावा टाळण्यासाठी आहे, आईवडिलांपासून ताट लपविण्यासाठी नव्हे.

संतांचे काय?

कोणी म्हणेल, संतही अन्नपाणी सोडून प्रार्थना करीत. खरे आहे. सिएनाची संत कॅथरीन १३८० साली वयाच्या ३३ व्या वर्षी वारली. शेवटच्या वर्षांत तिला अन्न जवळजवळ जातच नव्हते; खाल्लेले ती घशात काडी घालून बाहेर काढी. तिचे चरित्रकार व आध्यात्मिक गुरू रेमंड यांनीच हे लिहून ठेवले आहे. रुडॉल्फ बेल या इतिहासकाराने १९८५ साली तिच्यासारख्या स्त्रियांवर एक पुस्तकच लिहिले. सहाशे वर्षांनंतर तिच्या आजाराचे निदान आपण करू नये. पण इतरांसारखे खाता यावे म्हणून आपण देवाकडे प्रार्थना करतो असे तिने स्वतः पत्रात लिहिले होते, हे आपल्या मुलींना अवश्य सांगावे. तिला ख्रिस्तसभेचे आचार्यपद मिळाले (१९७०) ते तिच्या शिकवणीसाठी, उपाशी राहण्यासाठी नव्हे.

संत इग्नेशियस लोयोला यांनी मान्रेसा येथे (१५२२-२३) एक आठवडा अन्नाला स्पर्श केला नाही. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी त्यांना उपवास सोडायला लावला, आणि त्यांनी तो सोडला. त्या काळात बिघडलेले पोट त्यांना आयुष्यभर पुरले. म्हणूनच १५४८ साली फ्रान्सिस बोर्जिया यांना पत्र लिहून त्यांनी उपवास कमी करण्यास व पोट सांभाळण्यास सांगितले.

आपण काय करावे?

जेवणाच्या टेबलावर भांडू नये. निवांत वेळी, एकटीला जवळ बसवून ‘तू हल्ली जेवत नाहीस, मला तुझी काळजी वाटते’ एवढेच म्हणावे. वजनाचा आकडा, आरसा, शेजारची मुलगी यांचा उल्लेख नको. लग्नसमारंभात ‘किती सुटलीस गं!’ म्हणणाऱ्या मावश्या-काक्यांना आमची हात जोडून विनंती आहे. ‘बारीक झालीस, छान दिसतेस!’ हेही तितकेच घातक आहे.

पहिल्यांदा आपल्या फॅमिली डॉक्टरांना भेटावे, मग मानसोपचारतज्ज्ञांना. पुष्कळ दिवस उपाशी असलेल्या मुलीला एकदम भरपूर खाऊ घालू नये. त्यानेही जीव धोक्यात येतो, म्हणून आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवावा. बेशुद्ध पडणे, छातीत धडधड, उलटीतून रक्त किंवा जीव देण्याची भाषा, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हा आजार बरा होतो. किशोरवयीन मुलांसाठी लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात विकसित झालेल्या उपचारात आईवडीलच काही महिने प्रत्येक जेवणाची जबाबदारी घेतात. दोष कोणाचा हे तिथे शोधत बसत नाहीत. कोणाशी बोलावे हे सुचत नसेल तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ती मोफत असून चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते.

आजारी मुलीने प्रायश्चित्तकाळात काही करावेसे वाटले तर फादरांशी मोकळेपणाने बोलावे. मोबाइल तासभर बाजूला ठेवणे, वाडीतल्या आजारी वृद्धांना भेटणे, खाऊचे पैसे गरिबांसाठी देणे असे पुष्कळ काही आहे. मात्र राखेच्या बुधवारीही तिच्या ताटात डॉक्टरांनी सांगितलेले तिन्ही वेळचे जेवण असावे, आणि आजीला हे आधीच समजावून ठेवावे.