घरी असेंबल केलेला रेकॉर्डिंग कॉम्प्युटर : साऊंड कार्डचा बिघाड कसा शोधावा?



परिपाठाची गाणी, पाठ्यपुस्तकातल्या कविता, समूहगीते घरीच रेकॉर्ड करणारे शिक्षक आणि हौशी कलाकार आता बरेच आहेत. मोबाईलवर भागेनासे झाले की जुना डेस्कटॉप बाहेर निघतो, रॅम वाढवली जाते, सेकंडहँड साऊंड कार्ड आणून मदरबोर्डवर बसवले जाते. कमी पैशात छान सोय होते. पण एक दिवस कार्ड दिसेनासे होते, किंवा रेकॉर्डिंगमध्ये मधेच 'टक्-टक्' आवाज यायला लागतो. दुकानात नेले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, "कार्ड गेलंय, नवीन टाका."

इथे दोन गोष्टी पणाला लागलेल्या असतात. एक म्हणजे आपले पैसे. दुसरी त्याहून मोठी. चौथीतली गोड गळ्याची मुलगी पुढच्या वर्षी आपल्या शाळेत नसते. घरातली आजी जात्यावरच्या ओव्या आज ज्या दमाने म्हणते, तशा पुढच्या वर्षी म्हणेल याची खात्री नसते. अशा आवाजात पडलेली 'टक्' नंतर पूर्ण पुसता येईलच असे नाही. म्हणून बिघाड शोधायची पद्धत आपल्याला यायला हवी. आजच्या लेखात तीच शिकूया.

१) कार्ड नेमके काय करते?

मदरबोर्डवर जास्तीची कार्डे बसवायला ज्या खाचा असतात त्यांना स्लॉट म्हणतात. ते मुख्यतः दोन प्रकारचे. पीसीआय हा जुना प्रकार, १९९२ सालचा. पीसीआय एक्सप्रेस हा नंतरचा, २००४ पासूनच्या बोर्डांवर दिसू लागला. दोन्हींची नावे सारखी असली तरी एकाचे कार्ड दुसऱ्यात बसत नाही.

आता एक हिशेब करू. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, स्टिरिओ असे चांगल्या दर्जाचे रेकॉर्डिंग धरा. दर सेकंदाला ९६,००० नमुने, प्रत्येक नमुना ३ बाइटचा, दोन बाजू. गुणाकार केला की ५,७६,००० बाइट, म्हणजे एक एमबीपेक्षाही कमी. साध्या पीसीआय मार्गाची क्षमता सेकंदाला सुमारे १३३ एमबी आहे. म्हणजे मार्गाचा एक टक्काही वापरला जात नाही! मग आवाज तुटतो का?

कारण प्रश्न वेगाचा नाही, वेळेवर पोचण्याचा आहे. नळाखाली हंडा लावलाय असे समजा. आवाजाचा नळ एकसारखा चालू आहे, तो बंद करता येत नाही. एक हंडा भरतोय तोवर दुसरा रिकामा करून आणायचा. या हंड्याला बफर म्हणतात. हंडा भरला की कार्ड बेल वाजवते, प्रोसेसर येतो आणि पाणी ओतून घेतो. प्रोसेसर कितीही ताकदवान असू द्या, तो दुसऱ्या कामात अडकून उशिरा आला तर पाणी सांडते. तेच सांडलेले पाणी म्हणजे आपली 'टक्'.

हंडा किती वेळात भरतो? ४४.१ किलोहर्ट्झला ६४ नमुन्यांचा बफर सुमारे १.५ मिलिसेकंदात भरतो, २५६ चा ५.८ मध्ये आणि १०२४ चा २३ मिलिसेकंदांत. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

२) आधी एक वही घ्या

विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना सांगतो, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला. इथेही तेच. ड्रायव्हर बदलला, स्लॉट बदलला आणि बफरही वाढवला. आवाज सुधारला, पण कशाने? कळत नाही. मग तो बिघाड महिन्याने परत येतो.

वहीत चार रकाने आखा : तारीख, काय बदलले, काय झाले, पूर्ववत केले का. फायदा झाला नाही तर तो बदल परत फिरवा आणि मगच पुढचा करा.

मोजायलाही काहीतरी हवे. 'जरा बरं वाटतंय' हे मोजमाप नाही. कार्डाच्या आउटपुटमधून एक वायर त्याच कार्डाच्या इनपुटला जोडा. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकसारखा सूर तयार करा, तो वाजवत ठेवून पाच मिनिटे रेकॉर्ड करा. रेकॉर्ड होणारा आवाज त्याच वेळी परत आउटपुटला जाणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर शिट्टी वाजेल. मग ऐकून 'टक्' किती आल्या ते मोजा. प्रत्येक बदलानंतर हीच चाचणी करायची.

३) कॅबिनेट उघडण्यापूर्वी

कॉम्प्युटर बंद करा, मागची पॉवर केबल काढा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा. कार्डाला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत हे जास्त जपावे लागते. कार्ड कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका.

४) लक्षणावरून शोध

लक्षण पहिले : कार्ड कॉम्प्युटरला दिसतच नाही.

सर्वात आधी कार्ड काढून पुन्हा नीट बसवा. स्क्रू आवळताना कार्डाची एक बाजू वर उचलली जाते, हे नेहमीचे कारण. कोकणासारख्या दमट हवेत पट्ट्यांवर काळपट थर येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ कापडाने पट्ट्या हलकेच पुसा. ते नसेल तर मऊ खोडरबर अगदी हलक्या हाताने फिरवतात. पण ते कॅबिनेटपासून लांब, आणि कण ब्रशने झाडूनच कार्ड परत बसवायचे.

मग दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवून बघा. पीसीआय एक्सप्रेसचे छोटे कार्ड मोठ्या स्लॉटमध्येही चालते. नवीन बोर्डांवर आणखी एक गंमत असते : एम.२ जागेत एसएसडी बसवली की एखादा स्लॉट आपोआप बंद होतो. असे आहे का, ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेले असते.

आता डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे पिवळे चिन्ह असेल तर त्याचा कोड वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. कोड १२ म्हणजे कार्डाला लागणारी साधने मोकळी नाहीत. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोजला मान्य नाही. पिवळे चिन्ह दिसले, तरी एक गोष्ट चांगली झाली : बोर्डाला कार्ड दिसतंय! मग कार्ड फेकायची घाई करू नका.

जुन्या कार्डांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. उदाहरणार्थ एम-ऑडिओचे ऑडिओफाइल २४९६ हे पीसीआय कार्ड. घरगुती रेकॉर्डिंगवाल्यांमध्ये ते खूप लोकप्रिय होते. अशा कार्डांचे ड्रायव्हर जुन्या विंडोजच्या काळातले असतात. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही. नव्या विंडोजमधली 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षाही काही जुने ड्रायव्हर अडवते.

कार्ड खराब की ड्रायव्हर, हे ठरवायची सोपी युक्ती सांगतो. पेनड्राइव्हवर उबंटू लिनक्स घ्या आणि इन्स्टॉल न करता 'लाइव्ह' चालवा. ऑडिओफाइल २४९६ साठी लागणारा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतो. तिथे कार्ड दिसले आणि वाजले, तर कार्ड ठणठणीत आहे, दोष विंडोजकडच्या बाजूला आहे.

लक्षण दुसरे : कार्ड दिसते, पण आवाज नाही किंवा चुकीचा आहे.

अजिबात आवाज नसेल तर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये कोणते कार्ड निवडलेय ते पाहा. बऱ्याचदा मदरबोर्डचाच आवाज निवडलेला असतो. दुसरे कारण क्लॉकचे. कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये क्लॉक 'एक्स्टर्नल' किंवा 'एसपीडीआयएफ' वर असेल आणि बाहेरून डिजिटल सिग्नल येतच नसेल, तर कार्ड वाट बघत बसते. ते 'इंटर्नल' करा.

आवाज फारच बारीक येतो? अशा कित्येक कार्डांवर माईकसाठी प्रीअँप नसतो, फक्त लाइन इनपुट असते. माईक आधी मिक्सरला लावावा लागतो. हा बिघाड नाहीच.

पट्टी चढलेली वाटते? ४४.१ वर रेकॉर्ड केलेले ४८ वर वाजले की प्रार्थना सुमारे दीड पट्टी वर जाते आणि जलदही होते. दोन्हीकडे एकच सॅम्पल रेट ठेवा.

लक्षण तिसरे : रेकॉर्डिंगमध्ये 'टक्-टक्'.

इथे आपला हंडा आठवा. आधी बफर ६४ वरून २५६, मग ५१२ करा. टक् कमी झाल्या तर कार्ड चांगले आहे, प्रोसेसर उशिरा येतोय. गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येईल अशी भीती असेल, तर कार्डाचे डायरेक्ट मॉनिटरिंग वापरा. मग १०२४ ठेवले तरी गायकाला फरक पडत नाही.

पण प्रोसेसरला उशीर कशामुळे होतो? लेटन्सीमॉन नावाचे सॉफ्टवेअर दहा मिनिटे चालवा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतोय, हे ते नावानिशी दाखवते. वाय-फाय, लॅन आणि ग्राफिक्स कार्ड हे नेहमीचे संशयित. डिव्हाइस मॅनेजरमधून वाय-फाय डिसेबल करा आणि पाच मिनिटांची चाचणी घ्या. मग पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स' करून चाचणी घ्या. मग पीसीआय एक्सप्रेसची वीजबचत बंद करून. एका वेळी एकच, विसरायचे नाही!

आमच्या ओळखीच्या एका गुरुजींना दुकानदाराने कार्ड भंगारात टाकायला सांगितले होते. वाय-फाय बंद केल्यावर चाचणीतल्या टक् शून्यावर आल्या. आता ते रेकॉर्डिंगच्या वेळी वाय-फाय बंद ठेवतात. कार्ड तेच आहे.

जुन्या पीसीआय कार्डांत आणखी एक कारण असते, बेल वाटून घेण्याचे. एकाच बेलच्या वायरवर तीन घरे असली तर बेल वाजल्यावर 'कोणी वाजवली?' हे प्रत्येक दारात जाऊन विचारावे लागते. या बेलला आयआरक्यू म्हणतात. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत 'रिसोर्सेस बाय टाइप' निवडा आणि इंटरप्ट रिक्वेस्टची यादी उघडा. साऊंड कार्डाच्या क्रमांकावर आणखी कोणी आहे का पाहा. वजा चिन्हाचे आकडे दिसले तर घाबरू नका. ती नव्या पद्धतीची, स्वतःची स्वतंत्र बेल असलेली उपकरणे आहेत. बेल वाटली जात असेल तर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवा, किंवा न लागणारे उपकरण बायोसमधून बंद करा.

लक्षण चौथे : सतत 'घूंऽऽ' असा आवाज.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तो जाड, खालचा घूं आवाज बहुधा तिथूनच येतो. त्याचा संबंध कार्डापेक्षा अर्थिंगशी आणि वायरींशी जास्त. मिक्सर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर लावा. ऑडिओ वायर विजेच्या वायरीपासून लांब ठेवा. घरातले अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. आवाज जावा म्हणून थ्री-पिनची मोठी पिन तोडू नका. ती पिन आपला जीव वाचवण्यासाठी आहे.

माउस हलवला की बदलणारी बारीक 'किर्र' मात्र कॅबिनेटच्या आतून येते. साऊंड कार्ड ग्राफिक्स कार्डापासून जितके लांबच्या स्लॉटमध्ये, तितके बरे.

५) मग कार्ड खराब आहे, हे कधी म्हणायचे?

स्लॉट बदलला, पट्ट्या पुसल्या, लिनक्समध्ये पाहिले आणि शेवटी दुसऱ्याच्या चालू कॉम्प्युटरमध्ये बसवून पाहिले, तरीही कार्ड दिसत नाही, तेव्हाच. दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये चालले, तर खर्च करण्यापूर्वी आपल्या बोर्डाकडे, पॉवर सप्लायकडे आणि ड्रायव्हरकडे बघा.

आणि सगळे सुरळीत झाल्यावर एक काम जरूर करा. चालू असलेल्या ड्रायव्हरची फाईल पेनड्राइव्हवर जपून ठेवा आणि वहीच्या शेवटच्या पानावर बफर, स्लॉट, क्लॉक यांची सेटिंग लिहा. महत्त्वाच्या रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी पाच मिनिटांची चाचणी घ्या. गाणारे मूल समोर उभे असताना दुरुस्ती करत बसायची वेळ येऊ नये.

स्वाध्याय

१. ४८ किलोहर्ट्झला ४८० नमुन्यांचा बफर किती मिलिसेकंदांत भरेल? (उत्तर : १०)

२. बफर ६४ असताना पाच मिनिटांत ३० टक्, ५१२ केल्यावर शून्य. दोष कार्डात आहे की वेळेवर न पोचण्यात? कारण सांगा.

३. विंडोजमध्ये कार्ड दिसत नाही, उबंटूमध्ये छान वाजते. आता नवीन कार्ड घ्याल का? तुमचे पुढचे पाऊल कोणते, ते वहीत लिहा.